ओल्ड सेरम : माणसांवांचून मतदारसंघ

इंग्लंडच्या इतिहासाचें कोणतेंही शालेय पुस्तक उघडलें तर इ. स. १८३२ च्या सुधारणेच्या कायद्याविषयीं त्यांत चार ओळी सांपडतात, आणि त्या ओळींत ‘कुजके बरो’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. विद्यार्थी तो पाठ करितात, परीक्षेच्या पेपरांत लिहितात आणि पुढें विसरून जातात. बरो म्हणजे पार्लमेंटांत सभासद पाठविण्याचा हक्क असलेला कसबा, इतकें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु असा कसबा कुजतो म्हणजे काय होतें, त्याच्या कुजण्यांत कोणाचा फायदा असतो, आणि अखेरीस तो कापून कोणी टाकिला, हे प्रश्न मनांत उभे राहात नाहींत. कारण पुस्तकांत एका वाक्यांत छप्पन्न बरोंची वासलात लागलेली असते. म्हणून प्रस्तुत लेखांत त्या छप्पन्नांपैकीं एकच घेऊन त्याची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. हा बरो म्हणजे विल्टशायर परगण्यांतील ओल्ड सेरम. तो निवडण्यास दुसरेंही एक कारण आहे. त्याच्या उत्तरकाळच्या इतिहासांत हिंदुस्थानांत मिळविलेला पैसा वारंवार डोकावतो, आणि ही गोष्ट आपल्याकडील शालेय पुस्तकांत सहसा येत नाहीं.

सॉल्झबरी शहराच्या उत्तरेस सुमारें दोन मैलांवर एक मोठी हिरवी टेकडी आहे. तिच्याभोंवतीं मातीचे प्रचंड तट आणि खोल खंदक आहेत. हे तट सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं, लोहयुगांतील लोकांनीं घातले. पुढें रोमन लोक आले, सॅक्सन आले, आणि इ. स. १०६६ त इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मंडीच्या विल्यमनें ह्याच टेकडीच्या मध्यभागीं किल्ला बांधिला. इ. स. १०८६ मध्यें देशांतील प्रमुख जमीनदारांस ह्या ठिकाणीं बोलावून त्यानें त्यांजकडून राजनिष्ठेची शपथ घेतली. किल्ल्याशेजारीं, त्याच तटाच्या आंत, बिशपाचें मुख्य मंदिर उभें राहिलें. त्याचा प्रतिष्ठाविधि इ. स. १०९२ मध्यें झाला, आणि पांचच दिवसांनीं वादळानें त्याचें छप्पर मोडलें. मंदिर दुरुस्त झालें, पुढें वाढविलेंही गेलें. तात्पर्य, बाराव्या शतकांत ओल्ड सेरम हें खरोखरीचें नांदतें गांव होतें : किल्ला होता, मंदिर होतें, धर्मगुरु होते, शिपाई होते, आणि ह्या सर्वांस लागणारा बाजारही होता.

हें गांव नाहींसें कसें झालें ह्याची कथा मोठी घरगुती आहे. तेथें पाणी नव्हतें. टेकडी खडूच्या पांढऱ्या दगडाची. विहिरी अपुऱ्या पडत आणि पाणी दुरून विकत आणावें लागे. वारा असा सुटे कीं मंदिरांत प्रार्थना म्हणणाऱ्या दोघांस एकमेकांचा शब्द ऐकूं येत नसे. उन्हाळ्यांत पांढऱ्या जमिनीवरील उजेडानें डोळे दिपत. ह्या सर्वांवर कळस म्हणजे किल्ल्यांतील शिपाई आणि मंदिरांतील धर्मगुरु ह्यांचें हाडवैर. ये-जा करण्याचे दरवाजे शिपायांच्या ताब्यांत, त्यामुळें कुरबुरीस अंत नसे. शेवटीं बिशप रिचर्ड पूअर ह्यानें पोपची परवानगी मिळवून खालच्या सपाटीवर, नदीकांठच्या कुरणांत, नव्या मंदिराचा पाया घातला. ती तारीख २८ एप्रिल १२२०. आज सॉल्झबरीचें जें जगप्रसिद्ध मंदिर ४०४ फूट उंचीच्या मनोऱ्यासह उभें आहे तें हेंच. मंदिरामागून बाजार गेला, बाजारामागून कारागीर गेले. गांव जसेंच्या तसें टेकडी उतरून खालीं आलें म्हटलें तरी चालेल. जुन्या मंदिराचे दगडही पुढें नव्या मंदिराच्या आवाराची भिंत बांधण्यास नेले. वर किल्ला तेवढा कांहीं काळ उरला; आठव्या हेन्रीनें इ. स. १५१४ मध्यें त्याचेंही सामान देऊन टाकिलें.

आतां तारखांकडे लक्ष द्यावें. गांव खालीं उतरूं लागलें तें इ. स. १२२० मध्यें. आणि पहिल्या एडवर्ड राजानें, प्रत्येक परगण्यांतून दोन सरदार व प्रत्येक बरोंतून दोन नागरिक बोलावून, इतिहासांत ‘आदर्श पार्लमेंट’ म्हणून गाजलेली सभा भरविली ती इ. स. १२९५ मध्यें. ओल्ड सेरमला दोन सभासद पाठविण्याचा हक्क ह्याच सालीं मिळाला, म्हणजे त्याचें वैभव उतरणीस लागून पाऊण शतक लोटल्यावर! खालच्या नव्या सॉल्झबरीसही दोन सभासद मिळाले. मूळचें एक गांव. त्याचे दोन भाग झाले, एकांत माणसें राहिलीं व दुसऱ्यांत तट राहिले, आणि कायद्यानें दोहोंस सारखेंच लेखिलें. त्या वेळीं ह्यांत कोणास अन्याय वाटला नाहीं. पार्लमेंटास जाणें हा तेव्हां मान नसून भार होता : दूरचा प्रवास, खर्च, आणि शेवटीं राजास कर मंजूर करून परत यावयाचें. सभासद पाठवावे लागूं नयेत म्हणून अर्ज करणारीं गांवें त्या काळीं होतीं.

सोळाव्या-सतराव्या शतकांत हें पारडें फिरलें. कॉमन्स सभेच्या हातीं तिजोरीच्या किल्ल्या आल्या. मंत्री तिच्या बहुमतावर जगूं लागले. तेव्हां ज्याच्या खिशांत दोन सभासद तो मोठा माणूस ठरूं लागला, आणि ओसाड टेकडीला एकाएकीं किंमत आली.

ह्या किंमतीचें मर्म समजण्यास मताचा हक्क कोणास होता हें पाहिलें पाहिजे. सर्व बरोंत एकच नियम नव्हता. कोठें कर भरणाऱ्या प्रत्येकास मत असे, कोठें केवळ नगरपालिकेच्या मूठभर सभासदांस. आणि ओल्ड सेरमसारख्या कांहीं ठिकाणीं मत जमिनीच्या ठराविक तुकड्यांस चिकटलेलें असे. महाराष्ट्रांतील वाचकांस ही कल्पना अवघड वाटूं नये. आपल्याकडे पाटीलकी-कुळकर्णाचें वतन जसें जमिनीशीं व घराण्याशीं निगडित असे, तसें तेथें मत हें त्या तुकड्याचें वतन होतें. तुकडा ज्याच्या नांवावर त्यास मत. त्यानें त्यावर घर बांधिलें आहे कीं सलगम पेरिले आहेत, तो तेथें राहतो कीं लंडनांत, ह्याची चौकशी कायदा करीत नसे. मग हे तुकडे विकत घ्यावे, आणि निवडणूक आली कीं ते आपल्या विश्वासांतील माणसांच्या नांवें करून द्यावे, एवढेंच धन्यास करावें लागे. मत पडलें कीं कागद परत धन्याच्या पेटींत. लांच देण्याची सुद्धां गरज नाहीं, कारण लांच देण्यास समोर परका मतदार लागतो!

निवडणुकीचा समारंभही ह्याला साजेसाच होता. गांवांत इमारत नाहीं, तेव्हां सभागृह कोठून असणार? टेकडीच्या पायथ्याशीं शेतांत एक एल्म वृक्ष होता. त्याच्याजवळ तंबू ठोकीत. जमिनीच्या मालकाचाच कारभारी निवडणुकीचा अधिकारी म्हणून बसे. चारदोन मतदार घोड्यांवरून येत. राजाचा हुकूम वाचला जाई, दोन नांवें उच्चारिलीं जात, आणि मंडळी जेवावयास जात. दोघे गृहस्थ ब्रिटनच्या साम्राज्याचे कायदे करणाऱ्या सभेचे सभासद झाले. इ. स. १८३१ मधील शेवटच्या निवडणुकीच्या वेळीं मतदारांची संख्या अकरा होती, आणि त्यांपैकीं एकही तेथें राहात नव्हता.

हें उदाहरण अतिरेकाचें असलें तरी एकाकी मात्र नव्हतें. सफोकच्या किनाऱ्यावरील डन्विच हें बंदर शतकानुशतकें समुद्रांत ढांसळत गेलें, तरी त्याचे दोन सभासद चालूच राहिले. सरे परगण्यांतील गॅटन हें एका धनिकाचें उपवन होतें, त्याचेही दोन. कॉर्नवॉल ह्या एका परगण्याचे चव्वेचाळीस सभासद असत, आणि सबंध स्कॉटलंडचे पंचेचाळीस. ह्याच वेळीं कापडाच्या गिरण्यांनीं गजबजलेल्या, १८३१ च्या खानेसुमारींत एक लाख चाळीस हजारांवर वस्ती भरलेल्या मँचेस्टरचा स्वतःचा एकही सभासद नव्हता. बर्मिंगहॅमचा नव्हता, लीड्सचा नव्हता.

सतराव्या शतकांत ओल्ड सेरमवर मुख्य वजन सॉल्झबरीच्या अर्लांचें, म्हणजे सेसिल घराण्याचें होतें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे. त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सेसिलांनीं ही मालमत्ता टॉमस पिट नांवाच्या गृहस्थास विकली, आणि येथून ह्या टेकडीचा हिंदुस्थानाशीं संबंध जडला.

टॉमस पिट हा एका धर्मगुरूचा मुलगा. तो तरुणपणीं बंगालच्या किनाऱ्यावर बालासोर येथें आला आणि ईस्ट इंडिया कंपनीची सनद नसतांना खुशाल व्यापार करूं लागला. कंपनीनें त्याला पकडण्याचे हुकूम काढिले, इंग्लंडांत त्याला दंडही झाला. परंतु तो दंड भरून पुन्हां व्यापारास लागला. अशा माणसास हरविण्यापेक्षां आपल्या नोकरींत घेणें बरें, हें कंपनीनें अखेरीस ओळखिलें, आणि इ. स. १६९८ मध्यें त्यास मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर नेमिलें. तेथें तो १७०९ पर्यंत होता. ह्याच मुदतींत त्यानें जमचंद नांवाच्या व्यापाऱ्याकडून एक अनघड हिरा ४८,००० होनांस, म्हणजे सुमारें वीस हजार पौंडांस, विकत घेतला. त्याचें वजन ४१० कॅरट होतें. जी कृष्णा आपल्या महाबळेश्वरीं उगम पावते, तिच्याच दूरच्या पूर्वेकडील कांठीं, गोवळकोंड्याच्या मुलखांतील खाणींत तो सांपडला होता. लंडनांत त्याला पैलू पाडल्यावर सुमारें १४० कॅरट वजन उरलें, आणि इ. स. १७१७ मध्यें फ्रान्सचा कारभारी, ऑर्लिअन्सचा ड्यूक, ह्यानें तो १,३५,००० पौंडांस घेतला. तो ‘रीजंट’ हिरा आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयांत आहे.

हिऱ्याच्या पैशानें पिटनें ओल्ड सेरम विकत घेतलें असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. गोष्ट चटकदार आहे, पण तारखा तिला साथ देत नाहींत. बरो आधीं घेतला, हिरा मागाहून मिळाला. बरो घेण्यास लागलेला पैसा हा सनदेवांचून केलेल्या त्या व्यापाराचा होता, आणि कंपनीशीं झगडतांना पार्लमेंटांत आपली जागा असणें किती उपयोगी पडतें हें पिटला चांगलें ठाऊक होतें. हिऱ्यानें घराणें श्रीमंत केलें. परंतु त्याच्या राजकीय महत्त्वाचा पाया ही टेकडीच होती.

टॉमस पिटचा नातू विल्यम. घोडदळांत लहानशा हुद्द्यावर असलेला हा सव्वीस वर्षांचा तरुण इ. स. १७३५ मध्यें ओल्ड सेरममधून कॉमन्स सभेंत आला. वडील भावाची दुसरीकडेही निवड झाली होती, म्हणून घरांतली ही जागा धाकट्यास मिळाली. १७४७ पर्यंत तो ह्याच जागेवर होता. पुढें हाच पिट सप्तवार्षिक युद्धांत इंग्लंडचा सूत्रधार झाला. प्लासी, क्वेबेक, वांदिवाश हे विजय त्याच्या कारकीर्दींतले. आणि शेवटीं तो चॅटमचा अर्ल झाला. इंग्लंडला त्या शतकांत लाभलेला हा कदाचित् सर्वांत प्रभावी वक्ता अकरा माणसांच्या देखील नव्हे, तर एका भावाच्या मतानें निवडून आला होता.

परंतु त्याचें मोठेपण असें कीं, ज्या शिडीनें आपण चढलों तिच्याविषयीं त्यानें खोटें बोलण्याचें नाकारिलें. इ. स. १७६६ मध्यें भर कॉमन्स सभेंत त्यानें सांगितलें कीं, असे बरो हा राज्यघटनेचा कुजका भाग असून तो शंभर वर्षेंही टिकणार नाहीं. आपण होऊन गळून पडला नाहीं तर तो कापावा लागेल. भाकीत खरें ठरण्यास सहासष्ट वर्षें लागलीं. मात्र चार वर्षांनीं, १७७० मध्यें, उमरावांच्या सभेंत त्यानेंच अशी तक्रार केली कीं आशिया खंडाची संपत्ति देशांत लोटली आहे, आणि कोणत्याही गांवाशीं नातें नसलेले लोक परदेशी सोन्याच्या जोरावर पार्लमेंटांत घुसत आहेत. तक्रार खरी होती. परंतु ती करणारा मद्रासच्या हिरेवाल्या गव्हर्नराचा नातू होता, आणि त्याचें स्वतःचें पहिलें पाऊल अशाच सोन्यानें घेतलेल्या टेकडीवर पडलें होतें, हें ऐकणाऱ्यांपैकीं कोणाच्या मनांत आलें नसेल असें म्हणवत नाहीं.

त्या काळीं हिंदुस्थानांतून गडगंज होऊन परतणाऱ्या इंग्रजांस त्यांचेच देशबांधव ‘नबॉब’ म्हणूं लागले होते. हा शब्द आपल्या ‘नबाब’ शब्दाचें रूपांतर होय; इ. स. १७७२ मध्यें सॅम्युएल फूट ह्यानें ह्याच नांवाचें प्रहसन रंगभूमीवर आणिलें. क्लाइव्ह हा त्यांतला सर्वांत गाजलेला; त्यानेंही पार्लमेंटांतील जागा आपल्या हातीं राखिल्या. मद्रासच्या नबाबास जबर व्याजानें कर्ज देऊन धनाढ्य झालेला पॉल बेनफील्ड हा ओल्ड सेरमच्याच विल्टशायरांतील क्रिकलेड ह्या बरोंतून इ. स. १७८० मध्यें निवडून आला. आतां एवढें लक्षांत घ्यावें कीं, कंपनीचा कारभार मर्यादेंत आणण्याचे इ. स. १७७३ व १७८४ चे कायदे ह्याच सभेनें केले. त्या कायद्यांचा अंमल कलकत्त्यावर होता तसा मुंबईवरही होता. म्हणजे ज्यांच्या वर्तनाची चौकशी व्हावयाची, त्यांपैकीं कांहीं न्यायासनावरच बसलेले होते. आणि ज्या कोट्यवधि लोकांविषयीं निर्णय व्हावयाचा, त्यांची तेथें एकही जागा नव्हती, पण मेंढ्या चरणाऱ्या एका टेकडीच्या दोन होत्या. कुजक्या बरोंचा प्रश्न हा केवळ इंग्रजांचा घरचा प्रश्न नव्हता तो ह्यामुळें.

पिट घराण्याकडे ओल्ड सेरम शंभरांवर वर्षें राहिलें. चॅटमचा पुतण्या, जो पुढें लॉर्ड कॅमलफर्ड झाला, त्यानें इ. स. १७८३ मध्यें आपल्या चुलतभावाच्या, म्हणजे धाकट्या विल्यम पिटच्या, सुधारणेच्या ठरावास पाठिंबा देतांना लोकहितासाठीं आपला बरो सोडून देण्याची तयारी दाखविली होती. ठराव फेंटाळला गेला आणि बरो घरींच राहिला. ह्या लॉर्डाचा मुलगा तापट व लहरी होता, त्यानें इ. स. १८०१ मध्यें हॉर्न टूक ह्या जहाल सुधारकास येथून निवडून आणिलें. टूकवर पूर्वीं राजद्रोहाचा खटला झाला होता व तो त्यांतून निर्दोष सुटला होता. ज्या बरोंस नाहींसे करावें असें तो जन्मभर म्हणत आला, त्यांतल्या सर्वांत बदनाम बरोचा तो सभासद झाला! टूकनें तरुणपणीं धर्मगुरूची दीक्षा घेतली होती, हें निमित्त करून पार्लमेंटानें धर्मगुरूंस कॉमन्स सभेंत बसण्यास मनाई करणारा कायदा लगेच केला. टूकला ती पार्लमेंट संपेपर्यंत बसूं दिलें, इतकेंच.

पुढल्याच वर्षीं, १८०२ मध्यें, बरो पुन्हां विकला गेला, आणि घेणारें घराणें केलेडनच्या अर्लांचें. ह्या घराण्याचा संस्थापक जेम्स अलेक्झांडर हा कंपनीच्या नोकरींत मद्रास व बंगाल येथें पैसा करून आयर्लंडांत परतलेला होता. म्हणजे एका ‘नबॉबा’च्या वंशजाकडून टेकडी दुसऱ्या ‘नबॉबा’च्या घरांत गेली. जमिनीचें उत्पन्न पाहतां दिलेली किंमत कितीतरी पटींनीं अधिक होती. कारण गवताचा भाव वेगळा आणि सभासदाचा भाव वेगळा. त्याच सालीं येथून निवडून आलेला निकोलस व्हॅन्सिटार्ट हा बंगालचा एक वेळचा गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्ट ह्याचा मुलगा होता, आणि तो पुढें अकरा वर्षें इंग्लंडचा अर्थमंत्री होता.

ह्या व्यवस्थेची बाजू घेणारे लोक मूर्ख नव्हते, आणि त्यांचें म्हणणें येथें सांगितलें नाहीं तर लेख एकतर्फी होईल. ते म्हणत कीं, सभासद हा एका गांवाचा मुखत्यार नसून सर्व राष्ट्राचा प्रतिनिधि आहे. मँचेस्टरचा सभासद नसला तरी दुसऱ्या एकाद्या व्यापारी गांवचा सभासद मँचेस्टरचेंही हित पाहतो. शिवाय ज्याच्यापाशीं पैसा नाहीं पण बुद्धि आहे अशा तरुणास सभेंत आणण्याचा हा एकच मार्ग आहे. थोरला पिट, धाकटा पिट, बर्क हे सर्व कोणाच्या तरी खिशांतल्या बरोंतूनच आले. ह्यांतील दुसरा मुद्दा खोटा नाहीं. परंतु त्याच दाराने किती सुमार माणसें आंत आलीं ह्याचा हिशेब ते देत नसत. आणि पहिल्या मुद्द्यास मँचेस्टरनेंच उत्तर दिलें. १६ ऑगस्ट १८१९ रोजीं तेथील सेंट पीटर मैदानावर सुधारणेची मागणी करण्यासाठीं सुमारें साठ हजार स्त्रीपुरुष निःशस्त्र जमले असतां त्यांजवर घोडेस्वार घालण्यांत आले. निदान पंधरा माणसें मेलीं, शेंकडों जखमी झालीं. आपलें हित दुसरा कोणी पाहतो, ह्यावर त्यानंतर तेथें कोण विश्वास ठेवील?

इ. स. १८३० च्या अखेरीस लॉर्ड ग्रे मुख्य प्रधान झाला, आणि १ मार्च १८३१ रोजीं लॉर्ड जॉन रसेल ह्यानें कॉमन्स सभेंत सुधारणेचें बिल मांडिलें. आपल्या भाषणांत त्यानें एका परक्या प्रवाशाची कल्पना केली. इंग्लंडांत लोकांचे प्रतिनिधि राज्य करितात असें ऐकून आलेल्या त्या प्रवाशास एक हिरवा उंचवटा दाखवून, हा दोन सभासद पाठवितो, असें सांगितलें तर त्यास काय वाटेल? आणि मग माणसांनीं भरलेल्या मोठ्या उद्योगी शहरांत नेऊन, ह्याचा एकही नाहीं, असें सांगितलें तर? उंचवटा कोणता हें सभेस निराळें सांगावें लागलें नाहीं. रद्द करावयाच्या बरोंचीं नांवें तो वाचीत गेला तेव्हां विरुद्ध पक्षाच्या बांकांवरून हंशा उसळत होता. इतकें सगळें कोणी मनावर घेईल असें त्यांस वाटेना.

२३ मार्चच्या पहांटे दुसऱ्या वाचनास मतें पडलीं : अनुकूल ३०२, प्रतिकूल ३०१. एका मतानें बिल वांचलें. नंतर कमिटींत तें अडकलें, पार्लमेंट विसर्जन होऊन नवी निवडणूक झाली, सुधारणेच्या पक्षास मोठें बहुमत मिळालें. ही निवडणूकही जुन्याच नियमांनीं झालेली होती, आणि ओल्ड सेरमनें आपले शेवटचे दोन सभासद हिच्यांतच पाठविले. दोघेही अलेक्झांडर घराण्यांतलेच. ऑक्टोबरांत उमरावांच्या सभेनें बिल एकेचाळीस मतांनीं फेंटाळलें. नॉटिंगहॅमचा किल्ला जळाला. ब्रिस्टलमध्यें तीन दिवस दंगा माजून बिशपाचा वाडा, तुरुंग, कस्टमचें कार्यालय भस्मसात् झालीं. पुढील मे महिन्यांत ग्रेनें राजीनामा दिला, ड्यूक ऑफ वेलिंग्टनला मंत्रिमंडळ बनवितां येईना, लोक ब्यांकांतून सोनें काढूं लागले. आणि अखेर, नवे उमराव निर्माण करून तुमचें बहुमत बुडवूं, ह्या राजाच्या आश्वासनाच्या धाकानें विरोधी लॉर्ड घरीं बसले. ७ जून १८३२ रोजीं बिलाचा कायदा झाला.

हा झगडा चालला असतां राजा राममोहन रॉय इंग्लंडांत होते. एप्रिल १८३१ मध्यें ते लिव्हरपूल येथें उतरले, आणि बिलाच्या प्रत्येक टप्प्याकडे त्यांचें डोळ्यांत तेल घालून लक्ष होतें. हें बिल नामंजूर झालें तर ह्या देशाशीं आपण संबंध तोडूं, असें त्यांनीं उघडपणें जाहीर केलें होतें. परदेशांतील मतदारसंघांच्या फेरवांटणीविषयीं एका बंगाली गृहस्थास एवढी तळमळ कां असावी, असें विद्यार्थ्यांनीं विचारलें तर, ती सभा हिंदुस्थानचेही कायदे करीत होती, हें उत्तर वर येऊन गेलेंच आहे.

कायद्यानें छप्पन्न बरो समूळ रद्द झाले व तीस बरोंचा एकेक सभासद कमी झाला. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स ह्यांस प्रत्येकीं दोन सभासद मिळाले. इ. स. १८०० मध्यें आयर्लंडची पार्लमेंट मोडली तेव्हां तेथील बरोंच्या मालकांस दर बरोमागें १५,००० पौंड नुकसानभरपाई मिळाली होती. १८३२ मध्यें कोणास एक पैही मिळाली नाहीं. केलेडनच्या अर्लांकडे जमीन राहिली, आणि तिची किंमत एका दिवसांत पुन्हां गवताच्या भावावर आली. मालमत्ता म्हणून विकत घेतलेली वस्तु मुळांत मालमत्ता नव्हतीच, हें त्या कायद्यानें ठरविलें. माझ्या मतें त्यांतील सर्वांत महत्त्वाचें कलम हेंच, जरी तें शब्दांनीं कोठें लिहिलेलें नाहीं. बाकी, त्यानें पुष्कळ गोष्टी केल्या नाहींत. शहरांत वर्षाला दहा पौंड भाड्याच्या घरांत राहणाऱ्या पुरुषास मत मिळालें; गिरणींतील मजुरास नाहीं, स्त्रीस नाहीं. गुप्त मतदान येण्यास १८७२ साल उजाडलें, आणि स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें मत १९२८ मध्यें मिळालें.

टेकडी आहे तेथेंच आहे. कॉन्स्टेबल ह्या सुप्रसिद्ध चित्रकारानें इ. स. १८३४ मध्यें, कायदा होऊन दोनच वर्षें झालीं असतां, तिचें जलरंगांतील चित्र प्रदर्शनांत ठेविलें : काळे ढग, ओसाड तट, आणि एक मेंढपाळ. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें उत्खनन झालें, आणि आतां जुन्या मंदिराच्या पायाची आकृति गवतांत स्पष्ट दिसते.

राहतां राहिली सेसिल घराण्याची गोष्ट. ज्या सॉल्झबरीच्या अर्लांनीं टेकडी पिटला विकली, त्यांच्याच वंशांतील लॉर्ड सॉल्झबरी हा इ. स. १८८८ मध्यें इंग्लंडचा मुख्य प्रधान होता. त्यापूर्वीं दोन वर्षें मुंबईचे दादाभाई नौरोजी, जे एके काळीं आपल्या एल्फिन्स्टन संस्थेंत गणित शिकवीत, लंडनच्या होबर्न विभागांतून उभे राहून पडले होते. त्या पराभवाचा उल्लेख करून, इंग्लंडांतील मतदारसंघ एकाद्या काळ्या माणसास निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाहीं, अशा आशयाचे उद्गार ह्या मुख्य प्रधानानें एडिंबरो येथील भाषणांत काढिले. ओसाड टेकडीवर दोन सभासद पिढ्यान् पिढ्या निवडून आणण्यास ज्यांच्या पूर्वजांस कांहीं अडचण पडली नव्हती, त्यांस मतदारसंघ म्हणजे काय ह्याची ही खात्री होती. जुलै १८९२ मध्यें सेंट्रल फिन्सबरी येथील मतदारांनीं, गुप्त मतपेटींत चिठ्ठ्या टाकून, दादाभाईंस पांच मतांच्या आधिक्यानें कॉमन्स सभेंत पाठविलें.